रेस्क्यूसाठी कुत्र्या-मांजरांची पोर्ट्रेट कशी काढायची आणि पैसे कसे पोचवायचे

दर पावसाळ्यात तेच बघतो आपण. जूनचा जोर सुरू झाला की गल्लीतल्या कुत्र्यांच्या जखमांत किडे पडतात, निपाणीपासून हिरेबागेवाडीपर्यंत हायवेला गाडीनं उडवलेलं एखादं जनावर कडेला पडलेलं असतं, आणि रेस्क्यूवाल्या पोरांच्या स्टेटसला क्यूआर कोड दिसायला लागतो. आपण शंभर-दोनशे टाकतो, वाईट वाटतं, पुढं जातो. पण ज्याच्या हातात थोडंफार ड्रॉइंग आहे त्याला याच्यापेक्षा बरंच जास्त करता येतं. लोकांच्या घरच्या कुत्र्याचं, मांजराचं, बैलाचं चित्र काढून द्यायचं आणि त्याचे पैसे जखमी जनावरांच्या औषधपाण्याला जाऊ द्यायचे. मी हे काही वर्षं करतेय आणि बऱ्याच जणांनी विचारलं की नेमकं कसं करायचं, म्हणून सगळं एकदाच लिहून काढते, जरा लांबेल पण लिहिते.

माझ्या मते यात दोनच गोष्टी पक्क्या लागतात. एक म्हणजे चित्र त्याच जनावराचं वाटलं पाहिजे, नुसतं "एक छान कुत्रं" नको. दुसरी म्हणजे पैसा तुमच्या खात्यातनं फिरता कामा नये. बाकी कागद रंग ब्रश सगळं शिकता येतं.

पैशाचं आधी सांगते कारण लोक हे शेवटी ठरवतात आणि मग गोंधळ होतो. ज्या संस्थेसाठी करणार तिथं आधी स्वतः जाऊन या. किती जनावरं आहेत, डॉक्टर कोण येतात, ऑपरेशन झालेल्या कुत्र्यांना वेगळं ठेवायला जागा आहे का, पाणी स्वच्छ आहे का, हे डोळ्यानं बघितलं की निम्मं कळतं. ट्रस्ट रजिस्टर आहे का, बँक खातं ट्रस्टच्या नावावर आहे की कुणाच्या पर्सनल नंबरवर पैसे मागतात, पावती देतात का, हे सरळ विचारा, चांगलं काम करणारी माणसं याला कधीच रागवत नाहीत, उलट फाईल काढून दाखवतात. त्यांचं नाव आणि लोगो वापरायला परवानगी घ्या, एक व्हॉट्सअॅप मेसेज असला तरी चालतो पण लेखी असू दे.

मग पद्धत अशी ठेवा की चित्र मागणाऱ्यानं पैसे थेट संस्थेच्या खात्यावर टाकायचे, यूपीआयनं टाकले तर स्क्रीनशॉट तुम्हाला पाठवायचा, तो आला की तुम्ही काम सुरू करायचं. तुमच्याकडं एक रुपया येत नाही त्यामुळं हिशोबाची कटकट नाही आणि गावात कुणी बोट दाखवायला नको. कागद-रंगाचा खर्च तुम्हाला झेपत नसेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण तसं आधीच स्पष्ट लिहा, की सामानाचे इतके माझे आणि बाकीचे संस्थेला. "काही भाग दान केला जाईल" असलं गोल गोल कधी लिहू नका, माणसं विचारत नाहीत पण मनात धरतात.

८० जी, म्हणजे दानावर आयकरात मिळणारी सूट, याबद्दल लोक विचारतातच. संस्थेला ८० जी असलं तरी पैसे देणाऱ्याला बदल्यात चित्र मिळतंय, त्यामुळं पोस्टरवर "टॅक्समध्ये सूट" असं छापू नका, ज्याला क्लेम करायचाय त्यानं आपल्या सीएला विचारावं. शिवाय ती सवलत आयकराच्या जुन्या रेजिममधल्यांनाच आहे आणि २००० रुपयांच्या वर रोख दिलेलं त्यात धरत नाहीत, एवढं सांगून मोकळं व्हा.

आणि आपल्याकडं खूपदा संस्था नसतेच, एखादी कॉलेजची पोरगी किंवा रिटायर झालेले काका रोज वीस-पंचवीस कुत्र्यांना भात घालत असतात आणि स्वतःच्या पेन्शनमधनं इंजेक्शनं आणत असतात. त्यांच्यासाठी करायचं असेल तर पैसे जनावरांच्या डॉक्टरांकडं नाहीतर मेडिकलमध्ये त्यांच्या उधारीवर थेट जमा करायला सांगा आणि बिलाचा फोटो घ्या. हे मला सगळ्यात आवडतं कारण कुणाच्या पायाचं प्लास्टर झालं, कुणाची नसबंदी झाली ते समोर दिसतं.

किंमत फार ठेवू नका आणि फुकटात पण नको. ए-फाईव्हला पाचशे, ए-फोरला हजार-बाराशे, असं काहीतरी आपल्याकडच्या माणसाला परवडेल असं ठरवा, ज्याला जास्त द्यायचंय तो देतोच. आणि एका वेळी किती ऑर्डरी घेणार ते आधीच लिहा. नोकरी घरदार सांभाळून ए-फोरचं एक चित्र म्हणजे दोन-तीन संध्याकाळी जातात, त्या हिशोबानं बघा. पोस्टर मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही करा, बेळगाव चिकोडी अथणी कुठंही असा, देणारी माणसं दोन्हीकडची असतात. आणि कन्नड मजकूर शेजारच्या अक्कांकडनं एकदा वाचून घ्या, मोबाईलवरचं भाषांतर डोळे झाकून छापू नका.

आता फोटो. चित्र बिघडतं ते बहुतेक वेळा इथंच बिघडतं. लोक उभ्या उभ्या वरनं फोटो काढतात, त्यात डोकं मोठं, पाय बारीक, आणि नाक एवढं मोठं येतं की कुत्रं ओळखू येत नाही. मालकाला सांगा की खाली बसा, मोबाईल त्याच्या डोळ्याच्या उंचीला आणा, जरा लांबनं दोन पट झूम करून काढा, जवळ जाऊन काढलं की नाक फुगतंच. फ्लॅश बंद. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यात मागं एक चमकणारा पडदा असतो त्याच्यावरनं फ्लॅशचा उजेड परत येतो आणि डोळे हिरवे पिवळे दिसतात, मग खरा रंग काही कळत नाही. दारात नाहीतर खिडकीपाशी बसवायचं, उजेड एका बाजूनं येऊ दे, सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी. हलतं जनावर असलं तर बटण दाबून धरून पंधरा-वीस फोटो काढा, एखादा नीट निघतो. आणि एकच फोटो घेऊ नका, समोरनं, दोन्ही बाजूंनी, कानाचा जवळनं, डोळ्याचा जवळनं असे मागा. इन्स्टावरनं किंवा गूगलवरनं दुसऱ्याचा फोटो उचलून त्यावरनं चित्र विकायचं नाही, दान असलं तरी नाही, ज्यानं फोटो काढला त्याला विचारायचं.

फोटोबरोबर मालकाला चार प्रश्न पण विचारा. कुठला कान जास्त पडतो, तोंड कुठल्या बाजूनं वाकडं करतो, अंगावर कुठं व्रण आहे, हाक मारल्यावर कसा बघतो. खूप लोक गेलेल्या कुत्र्याचं चित्र मागतात आणि त्यांच्याकडं एकच जुना धुरकट फोटो असतो, तेव्हा ही उत्तरंच उपयोगी पडतात. अशा वेळी घाई करू नका, माणूस बोलताना मधेच थांबतो, थांबू दे. खानापूरकडच्या एका आजींचं कुत्रं गेलं होतं, त्याचा डावा कान भांडणात अर्धा फाटलेला. नातवानं मला फोनवर सांगितलं की कान तेवढा पूर्ण काढा, चांगलं दिसेल. आजींनी मागनं फोन घेतला आणि म्हणाल्या, "कान तसाच ठेव गं बाळ, लाईट गेली की कानाला हात लावूनच ओळखत होते मी तेला." ते चित्र त्यांनी हातात घेतलं तेव्हा पहिलं वाक्य होतं, "बघूलालंय की गं हे माझ्याकडं." म्हणून म्हणते, व्रण, पांढरं झालेलं तोंड, मोतीबिंदू पडलेला डोळा, तीन पायावर उभं राहायची ढब, यातलं काहीही गुळगुळीत करू नका. रेस्क्यूच्या जनावराची तर ओळखच ती असते. गल्लीतल्या कुत्र्याच्या कानाला व्ही आकाराची खाच असली तर ती पण काढा, नसबंदी झाल्याची खूण आहे ती, बघणाऱ्यानं विचारलं की त्यानिमित्तानं नसबंदीबद्दल दोन शब्द बोलता येतात.

सामान. मी जलरंगात करते म्हणून त्याचंच सांगते, ज्याला अॅक्रिलिक जमतं त्यानं त्यात करावं, एवढंच लक्षात ठेवा की जलरंग वाळल्यावर फिका होतो आणि अॅक्रिलिक वाळल्यावर गडद होतो. कागदावर पैसे वाचवू नका, रंगावर एकवेळ वाचवा. ३०० जीएसएमचा कोल्ड प्रेस, म्हणजे जाड आणि जरा खरखरीत कागद घ्या, ए-फोर साईजला तो ताणून चिकटवावा पण लागत नाही, चारी बाजूनं मास्किंग टेप मारली की बास. शाळेची ड्रॉइंगची वही यासाठी चालत नाही, रंगाच्या दुसऱ्या हातालाच कागदाचे बोळे निघायला लागतात. ब्रश तीनच, गोल आठ किंवा दहा नंबर मोठ्या पाणचट हाताला, चार नंबर, आणि मिश्यांना एक लांब केसांचा बारीक. बेळगावात खडेबाजार-गणपत गल्लीकडच्या स्टेशनरीत बरंच मिळतं, चांगला कागद नसला तर ऑनलाईन मागवा.

रंग सहा-सात पुरतात. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन ब्ल्यू, क्रिमसन, आणि पांढरा पोस्टर कलर नाहीतर गॉश, म्हणजे खालचा रंग झाकणारा दाट जलरंग. कॅम्लिनच्या ट्यूब सुरुवातीला ठीक आहेत. पूर्ण चित्र पोस्टर कलरमध्ये मात्र नको, सरावाला चालेल, पण भिंतीवर उन्हात लावलं की काही रंग लवकर उडतात आणि माणसानं तर पैसे देऊन घेतलंय. काळी ट्यूब घरी ठेवा, का ते पुढं सांगते.

रेखाटन फ्रीहँड जमत असेल तर प्रश्नच नाही, नसेल तर चौकटी पाडा, यात कमीपणा काही नाही. हिशोब सोपा आहे, फोटोची प्रिंट काढा आणि त्यावर १० बाय १४ सेंटिमीटरचा भाग आखून २ सेंटिमीटरच्या चौकटी पाडा, म्हणजे पाच आडव्या सात उभ्या झाल्या. ए-फोर कागदावर २० बाय २८ चा भाग आखून ४ सेंटिमीटरच्या चौकटी पाडा, त्या पण पाच-सात. कडेची जी थोडी जागा उरते ती टेपखाली जाते. आता एकेका चौकटीत काय दिसतं तेवढंच काढत जा. पेन्सिल एचबी, आणि रेघ अगदी हलकी, गडद रेघ जलरंगाखालनं दिसत राहते आणि रंग मारल्यावर खोडता पण येत नाही. चौकटीच्या रेघा रंगाच्या आधी पुसा, मळायच्या खोडरबरनं दाबून उचला, घासू नका.

रेखाटन झाल्यावर कागद आरशात धरून बघा नाहीतर मोबाईलवर फोटो काढून उलटा करा. एक डोळा वर एक खाली असला की लगेच दिसतं. डोळ्यांच्या दोन्ही कोपऱ्यांतनं आणि नाकाच्या टोकातनं एक त्रिकोण धरा, हा त्रिकोण बरोबर असेल तर ओळख अर्धी आली. मुधोळ जातीच्या कुत्र्यांत तर हे फार जपावं लागतं. आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातली ही जात, आपल्याकडं खेडोपाडी शिकारी कुत्रं म्हणून दिसते, पोस्टानं २००५ साली देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात पण मुधोळ होतं. त्याचं डोकं लांब आणि अरुंद असतं, कपाळ आणि नाक यांच्यात खड्डा जवळजवळ नसतोच. आपला हात सवयीनं लॅब्रेडॉरसारखं गोल डोकं काढतो, मग मालक म्हणतो छान आहे पण आमचा नाही वाटत. अशा वेळी फोटोवर पट्टी ठेवून लांबी-रुंदी मोजा सरळ.

रंगाला सुरुवात डोळ्यापासून करा. बरेच जण शेवटी करतात, पण डोळा चुकला तर बाकीचं केलेलं वाया जातं, त्यामुळं मी आधी डोळे करते, पटले तरच पुढं. कुत्र्याचा डोळा म्हणजे आधी बर्न्ट सिएनात थोडा ऑकर घालून पूर्ण बुबुळ भरा, चमकेची जागा कोरी सोडून. वाळल्यावर वरच्या बाजूला गडद करा, कारण वरच्या पापणीची सावली बुबुळावर पडते, ही सावली नसली की डोळे बटणासारखे दिसतात. मग मधली बाहुली, मग डोळ्याच्या कडेची काळी किनार. किनार सगळीकडं सारखी जाड नसते, आतल्या कोपऱ्यात जाड आणि नाकाकडं खाली उतरलेली असते. चमक दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला, बाहुलीच्या बरोबर मध्ये नाही, जरा वर कडेला. बाहेर काढलेल्या फोटोत ती चमक पूर्ण पांढरी नसते, आभाळाची किंचित निळसर असते, ते अल्ट्रामरीनच्या अगदी पाणचट हातानं आणा.

आणि एक महत्त्वाचं, डोळ्याचा पांढरा भाग. माणसासारखा दोन्ही बाजूंनी पांढरा दाखवला तर कुत्रं घाबरलेलं वाटतं, कारण कुत्र्याचा पांढरा भाग जास्त करून ते भ्यालेलं असलं, डोळे तिरके करून बघत असलं तरच दिसतो. रेस्क्यूमधनं आलेल्या कुत्र्याच्या पहिल्या दिवसाच्या फोटोत असाच डोळा असतो. तो फोटो वापरू नका, महिन्या-दोन महिन्यांनी रुळल्यावरचा मागून घ्या.

मांजराची बाहुली उभी असते, उजेडात बारीक रेघ आणि अंधारात गोल, तर फोटोतल्या उजेडाप्रमाणं काढा. गाय बैल म्हैस शेळी यांची आडवी असते, हे विसरून गोल काढली की बैल कार्टूनमधला दिसतो.

नाकाचं थोडक्यात. नाकपुड्या म्हणजे गोल भोकं नाहीत, बाजूला वळलेली फट असते. नाकावर वरच्या बाजूला ओलसर चमक, खाली गडद, आणि काळं नाक असलं तरी त्यात निळा-तपकिरी मिसळूनच.

अंगाचे केस हा खरा चिवट भाग. केस किती काढायचे यापेक्षा कुठल्या दिशेनं जातात ते आधी बघा. नाकावरनं कपाळाकडं वर, डोळ्यांभोवती बाहेर, गालावर मागं आणि खाली, छातीवर बऱ्याचदा भोवरा असतो. पेन्सिलनं दुसऱ्या कागदावर बाणांचा नकाशा काढून समोर ठेवा. मग पहिला हात पाणचट, पूर्ण अंगावर सगळ्यात फिका रंग. वाळल्यावर मधला. मग सावल्या. केस एकेक काढायचे नाहीतच, उजेड आणि सावली जिथं भेटतात तिथं आणि बाहेरच्या कडेला थोडे केस दाखवले की डोळा बाकीचे आपोआप धरतो. ब्रश फडक्याला टिपून जवळजवळ कोरडा करायचा, टोक बोटांनी जरा फाकवायचं आणि दिशेनं हलकं ओढायचं. जास्त झालं तर ओल्या स्वच्छ ब्रशनं उचलून घ्या. बेळगावच्या के. बी. कुलकर्णींची जलरंगातली कामं कुठं बघायला मिळाली तर जरूर बघा, कुठं थांबायचं ते अशा माणसाच्या कामावरनं शिकावं.

आपल्या गल्लीतलं नेहमीचं तांबूस कुत्रं ऑकर आणि बर्न्ट सिएनानं होतं, तोंडाकडं बर्न्ट अंबर. पट्टेरी असलं तर आधी तांबूस पूर्ण वाळवा आणि पट्टे केसांच्या दिशेनं तुटक तुटक ओढा, झेब्र्यासारखे सलग नको. काळ्या कुत्र्याला अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना घट्ट मिसळा, यातनं जो काळा निघतो तो जिवंत असतो, पाठीवर आणि डोक्यावर निळसर जाऊ दे कारण तिथं आभाळाचा उजेड असतो, पोटाकडं तपकिरी. ट्यूबमधला काळा मारला की कागदाला भोक पडल्यासारखं दिसतं, म्हणून ती ट्यूब घरी ठेवा म्हटलं. काळी जनावरं दत्तक कमी जातात असं रेस्क्यूवाल्यांकडनं कायम ऐकते, मोबाईलच्या फोटोत त्यांचा चेहराच नीट येत नाही, तर संस्थेसाठी एखादं चित्र स्वतःहून काढून देणार असाल तर तिथल्या काळ्या कुत्र्याचं काढा.

पांढऱ्या कुत्र्याला पांढरा रंग लावायचा नाही, कागद हाच पांढरा. फक्त सावल्या रंगवायच्या. आणि इथं आपल्याकडची एक गोष्ट बघा, आपली माती तांबडी आहे, अंगणात बसलेल्या पांढऱ्या कुत्र्याच्या पोटाला, हनुवटीखाली आणि पायाला त्या मातीचा तांबूस उजेड लागलेला असतो. वरच्या सावल्या निळसर करड्या आणि खालच्या किंचित बर्न्ट सिएनाच्या, एवढं केलं की कुत्रं आपल्या अंगणात बसलेलं दिसतं. फोटोत हे नीट दिसत नाही, एकदा प्रत्यक्ष जाऊन बघा म्हणजे पटेल.

मिश्या आणि भुवयांचे लांब केस सगळ्यात शेवटी, पांढऱ्या गॉशनं, खांद्यातनं हात हलवून एका दमात. थांबत थांबत काढली तर मिशी काडीसारखी दिसते. आधी रद्दी कागदावर दहा-बारा ओढून हात मोकळा करा.

बैल-म्हशींच्या ऑर्डरी निपाणी चिकोडी अथणीकडनं येतात, बेंदराच्या आसपास जास्त, आणि त्यातनं रेस्क्यूला चांगली मदत होते. खिलार बैल पांढरा असतो पण मानेकडं, वशिंडाकडं करडी छटा असते ती सोडू नका. शिंगांचा बाक मालकाला पाठ असतो, तिथं जरा चुकलं की त्याला चित्र आपल्या बैलाचं वाटतच नाही. पंढरपुरी म्हशीची शिंगं तर खांद्याच्या मागंपर्यंत जातात, कागदावर जागा आधीच धरा नाहीतर शिंगं टेपखाली जातात. दिवाळी पाडव्याला सजवलेल्या म्हशीचा फोटो देतात लोक, गोंडे, कवड्या, शिंगांना रंग, सगळं काढावंसं वाटतं, पण सजावट सैल हातानं आणि डोळा-नाक बारकाईनं ठेवा.

पावसाळ्यात काम करताना धीर लागतो. खानापूर-जांबोटीकडं तर भिंतीला ओल, हवेत ओल, पहिला हात वाळायला अर्धा दिवस जातो. वाळलंय का बघायला हाताची मागची बाजू कागदाजवळ हलकेच टेकवा, गार लागलं तर अजून ओलं आहे. त्यावर दुसरा हात मारला की डाग पडतात आणि सावलीचा चिखल होतो. हेअर ड्रायर लांब धरून चालतो, लाईट असली तर. कोरा कागद प्लॅस्टिकमध्ये, सोबत बुटाच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून, भिंतीपासून लांब ठेवा. रंग आत शोषू नये म्हणून कागदाला जो थर दिलेला असतो तो ओलीनं खराब होतो आणि मग रंग टीपकागदावर मारल्यासारखा आत शोषतो.

झालं की टेप सावकाश, कागदाला समांतर ओढून काढा. खाली जनावराचं नाव लिहा, मालक ज्या लिपीत लिहितो त्या लिपीत, आणि मागं पेन्सिलनं तारीख आणि कुठल्या संस्थेसाठी केलं ते. फ्रेम तुम्ही करून देणार नसाल तरी मालकाला सांगा की काच आणि कागद यांच्यात माऊंट बोर्ड, म्हणजे मधे खिडकी कापलेला जाड पुठ्ठा, पाहिजेच, कागद काचेला चिकटला की ओल धरते आणि बुरशीचे ठिपके येतात. लॅमिनेशन करू देऊ नका. ओल येणाऱ्या भिंतीवर आणि थेट उन्हात लावू नका. पाठवायचं असेल तर दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये, आधी प्लॅस्टिक पिशवीत, आणि पुठ्ठ्यांच्या चारी कडा टेपनं बंद. गुंडाळून नळीत पण जातं, पण जाड कागद परत सपाट करताना लोक इस्त्री वगैरे मारतात, त्यापेक्षा सपाटच पाठवा. बसच्या पार्सलनं पाठवताना वर मोठ्या अक्षरात "वाकवू नका" कन्नड आणि मराठीत.

द्यायच्या आधी प्रत्येक चित्र ३०० डीपीआयला स्कॅन करून ठेवा, झेरॉक्सवाल्याकडं होतं. मालकाला विचारून ती फाईल संस्थेला द्या, बारा चांगली जमली की त्यांचं पुढच्या वर्षाचं कॅलेंडर होतं आणि त्याचे पैसे पुन्हा औषधांना. फक्त प्रेसमध्ये दसऱ्याच्या आसपासच द्या, दिवाळीनंतर त्यांच्याकडं लग्नपत्रिकांची गर्दी सुरू होते आणि मग कॅलेंडर जानेवारी निम्मा संपल्यावर हातात पडतं.